सुभीच्या दंडावरचा डाग

"टोचलं होतं ना वं? शेवंते, बोल ना वं — टोचलं होतं ना?"

माही मोठी जाऊ गिरजाबाई ओरडून राहिली होती अन् मी दारात भरली घागर घेऊन उभी. अंगणात लिंबाखाली बाजेवर सुभी पडली होती — गिरजाबाईची पोरगी, तीन वर्षांची. दोन दिवस नुसता ताप होता. आज सकाळी पाह्यलं तं कपाळावर, तळहातावर, तळपायावर बारीक बारीक पुरळ. बाईनं तिच्या झबल्याची बाही खस्सकन वर ओढली. दंडावर दोन गोल डाग. "ह्या पाय, खुना हायेत ना! मंग देवी आल्या कशा? टोचल्यावर कशा आल्या वं?"

घागर हिंदकळून पाणी माह्या पायावर सांडून राहिलं होतं. थंडगार पाणी. अन् मी म्हटलं — "हो ना बाई. टोचलं होतं. माह्यासमोर टोचलं."

असं म्हटलं मी. पोरगी समोर तापानं फणफणून राहिली अन् मी असं म्हटलं.

त्याले आता तीन वर्षं होतात. जे लिहाले बसली ते आजपावतर कोणाले सांगतलं नाही. ना घरच्या माणसाले, ना मायले. थोडंबहुत मागच्या आठवड्यात तोंडातून निघालं — ते पुढं येईनच — पण सगळं नाही निघालं. जे राह्यलं ते राह्यलंच. मी तिसरी शिकली, जोडाक्षरं चुकतात, मागचं पुढं होते. तुमी समजून घ्या. नाही — समजून घ्या, असं नाही म्हणाचं मले. वाचा फक्त.

आमी अकोल्याले राहतो, रेल्वे लायनीच्या पल्याड, जिनाच्या मागच्या वस्तीत. जीन म्हणजे कापसातून सरकी काढतात तो कारखाना. दोन भाऊ, दोघं जिनात हमाल. गिरजाबाई तिथंच कापूस निवडाले जाये. मी लहान जाऊ, म्हून मी घरी. तिची सुभी अन् माहा बबन, दोघाइले मीच पाहो. सकाळी जिनाचा भोंगा वाजला की बाई सुभीचं तोंड पुसून तिले माह्या कडेवर देऊन जाये. मागं वळूनही पाहे नाही. एवढा भरोसा.

मागच्या आठवड्यापावतर वस्तीत मले सगळे चांगली म्हणत. हे पहिले सांगून ठेवते, कारण ह्याच गोष्टीनं जीव जाते माहा. शेजारची कौसाबुडी तं येणाऱ्या-जाणाऱ्याले धरून सांगे, "काकी पाहाची तं शेवंतीसारखी! पोटच्या पोराले बाजूले सारते अन् पुतणीले पहिला घास देते. अशी जाऊ मले भेटली असती तं मी म्हातारीच झाली नसती!" अन् बबनले चिडवे, "तू कोणाचा रे बबन्या? तुही माय तं सुभीची माय हाय. तुले बजारातून पायलीभर ज्वारी देऊन आणलं!" सगळ्या हासत. बबन रडे. मीही हासो.

काय करू मंग? सुभीचे दोन्ही डोळे गेले. देवीनं दोन्हीत फूल पाडलं. उजव्या डोळ्याले ऊन-सावली कळते, डाव्याले तेही नाही. मी तिले न्हाऊ घालते, वेणी घालते, बोरं आणली तं आळी पाहून देते, दुपारी तिच्याजवळ बसून सांगते — आता भिंतीवर खार चढली, आता कौसाबुडी तंबाखू मळून राहिली. ती खुदुखुदू हासते. ह्याले लोक माया म्हणत. मलेही कधी कधी वाटते, माया असन. मंग वाटते — भेव आहे हे. नुसतं भेव. हात हालते तोवर कोणी विचारत नाही ना, म्हून मी हात थांबूच देत नाही. कोणाचं लेकरू आजारी, मी जाते. कोणाची बाळंतीण, मी जाते. घरचा माणूस म्हणते, "बस ना जराशी, तुले काय कुत्रं मागं लागलं?" 

लागलंच आहे.

आता कुठून सांगू? बबनच्या आधी माही एक पोरगी होती. नाव ठेवाच्या आधीच गेली म्हणा — नाव होतं, पण कोणी घेत नाही म्हून मीही नाही लिहत. बाळंतपणाले मी माहेरी होती, नांदगाव खंडेश्वरले. पोरगी चार महिन्यांची झाली तवा तिथं देवीची लस देणारा टोचणीवाला आला. मी सासरी कोणाले न विचारता हौसेनं पोरगी पुढं केली. शाळेत शिकली होती ना दोन बुकं! सहाव्या दिवशी तिले ताप भरला, जुलाब लागले, अकराव्या दिवशी गेली. माय छाती बडवून म्हणे, "देवीआईले डिवचलं तू. सुईनं डिवचलं. ती सोडते का?"

ताप सुईचा होता का दुसरा, मले आजही ठाऊक नाही. पण मायचं बोलणं माह्या कानात जाऊन बसलं. अन् हे मी सासरी सांगतलं नाही. ताप आला अन् गेली, एवढंच. टोचलं होतं, हे गिळून घेतलं.

सांगणार कोणाले? आमच्या घरात देव नव्हते. आमी धम्म घेतला तवा माह्या सासऱ्यानं — मी त्याइले मामाजी म्हणते — घरातले सगळे टाक, मरीमायचा शेंदराचा दगड, एका फडक्यात बांधून मोर्णा नदीत सोडले. वस्तीत सगळ्यात पहिले त्याइनं. भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली अन् सुनाइले रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसवे. "ह्या घरात कोणी देवी कोपली म्हटलं तं मले मेल्यासारखं होईन," असं म्हणत. मले त्याइचं लय कौतुक. माह्यापेक्षा माही पाटी तेच जपून ठेवत. मंग त्याइले कसं म्हणाचं, मामाजी, मले आईचं भेव वाटते म्हून? लाज वाटे. भेवही वाटे अन् भेवाची लाजही वाटे. तुमाले कधी झालं का असं? दोन्हीकडून दाबल्यासारखं?

तं त्या साली थंडीत वस्तीत टोचणीवाला येणार म्हून दवंडी झाली. बाई जिनात जातानी म्हणाली, "दोघाइलेही टोचून घेजो वं. सुभी रडन, तिले गूळ देजो." मी हो म्हटलं.

तो येताना दिसला — खांद्याले पेटी, पांढरी टोपी, सायकल हातात — अन् मामाजी घरी नव्हते. मले माही तीच पोरगी दिसाले लागली. मी दाराले कडी घातली, एका कडेवर बबन, एका हाताले सुभी, अन् मागच्या बोळीतून जिनाच्या भिंतीआड जाऊन बसली. सरकीच्या ढिगाजवळ. सुभीले वाटलं खेळ आहे. ती तोंडावर बोट ठेवून बसली. तास-दीड तास बसलो.

परत आली तं दारावर खडूनं लिहलेलं. तो प्रत्येक दारावर लिहत जाये — लेकरं किती, टोचले किती. आमच्या दारावर होतं: लेकरं २, टोचले ०. मी पदरानं तो शून्य पुसला. चुलीजवळ मामाजीच्या पाटीचा खडू होता. त्यानं तिथं दोन लिहला. दोन काढता येते मले. चांगला काढला. मामाजीनं शिकवला तसा, खालची शेपूट वळवून.

पण दारावरचा दोन पाहून सुभीची माय ऐकते का? ती दंड पाहणार. फोड पाहणार. तवा मले बिबा सुचला. आमच्याकडं घरोघर बिबे असतात, पायाच्या भेगांसाठी. सुईच्या टोकाले बिबा खोचून चिमणीवर धरला की काळं तेल सुटते. त्याचा थेंब अंगाले लागला की तिथं फोड येते, पिकते, खपली पडते, डाग राहते. मी बबनले एक थेंब लावला. तो लहान होता, सव्वा वर्षाचा, बोंबलला अन् झोपला. सुभीले दोन. ती म्हणे, "काकी, नोको. काकी, नोको ना." मी म्हटलं, झालं बेटा, झालंच. तिनं हात हालवला नाही. मी सांगतलं म्हून. गूळ देल्ला तिले.

संध्याकाळी बाईनं दार पाह्यलं, दंड पाह्यला, म्हणाली, "बरं झालं बाप्पा, जिवाचा घोर गेला."

तुमी काय केलं असतं? एक पोरगी गेलेली, दुसरं लेकरू छातीशी, अन् घरात बोलाची सोय नाही — तुमी काय केलं असतं?

फागुनात वस्तीच्या टोकाच्या घरी बाहेरगावचा पाहुणा आला तो देवी घेऊनच आला. त्या घरात तीन लेकरं होते, तिघंही टोचलेले. त्याच खोलीत वावरून राहिले, पाहुण्याच्या बाजेखालून पळून राहिले, अन् त्याइले काहीच झालं नाही. मी रोज जाऊन पाहे. रोज. पाणी द्याच्या निमित्तानं दारातून पाहे. पाहुणा मेला. लेकरं खेळत होते.

तवा मले कळलं. अर्धवट नाही, चांगलं कळलं. सुई खरी होती. मायचं बोलणं खोटं होतं. अन् माह्या घरात दोन लेकरं उघडे होते.

टोचणीवाला दुसऱ्याच दिवशी परत आला. घरोघर विचारे, "कोणी राह्यलं का? बंद होतं असं घर? घाबरू नका, रागावत नाही." चांगला माणूस होता. आवाज बसला होता त्याचा बोलून बोलून. आमच्या अंगणात तो येण्याआधीच मामाजी बाहेर गेले अन् म्हणाले, "आमच्या घरचे झाले, साहेब. काहून गा, दारावर तुमीच लिहलं ना?" अन् माह्याकडं पाह्यलं. मी आतून मान हालवली. त्यानं दारावरचा दोन पाह्यला अन् वही न उघडता पुढच्या घरी गेला.

एक शब्द. मामाजी, राह्यले आहेत — एवढंच. त्याइनं मले मारलं नसतं. ते कधी कोणाले मारत नव्हते. लाज गेली असती, तेवढंच ना? तेवढंच. मी रात्रंदिवस तेच मोजते, तेवढंच होतं.

मंग मी काय केलं, तं माहेराहून सांगावा आला असं खोटं सांगतलं. माय आजारी आहे, आठ दिवस जाऊन येते. बबनले घेतलं. गिरजाबाईनं भाकरी बांधून देल्ल्या, वर मिरचीचा ठेचा. अन् म्हणाली, "सुभीलेही ने वं. वस्तीत देवी हाय, मले धाक लागते. टोचलं असलं तरी लेकरू दूर गेलेलं बरं."

मी म्हटलं, "दोन लेकरं एसटीत कशी सांभाळू, बाई?"

बाई म्हणाली, "खरं हाय."

सुभी सडकेपावतर मागं आली. "काकी, मीही येतो, मीही येतो." तिच्या बापानं, माह्या भासऱ्यानं, तिले उचलून नेलं.

नांदगावच्या दवाखान्यात मी पहिल्याच दिवशी लायनीत उभी राहिली अन् बबनले टोचून घेतलं. उजव्या दंडावर. डाव्यावर बिब्याचा डाग होता ना. कंपाउंडर म्हणे, "वा, शहाणी बाई आहे, स्वतःहून आली."

आठ दिवसांनी परत आली तं बबनच्या दंडावर फोड पिकला होता. एवढ्या उन्हात त्याले पूर्ण बाहीचा सदरा घातला. बाई हासली, "हा काय नागपूरचा वकील हाय का वं?" मी म्हटलं, खरूज झाली, चिघळते. दोन दिवसांनी सुभीले ताप आला. पुढचं तुमाले सांगतलं.

नाही, सगळं नाही सांगतलं. टोचणीवाल्याचं राह्यलं.

सुभीच्या अंगभर देवी फुटल्या अन् वस्तीत बोंब झाली — टोचूनही देवी आली. माह्या भासऱ्यानं, सुभीच्या बापानं, टोचणीवाल्याले सायकलवरून ओढलं अन् अंगणात आणलं. पाच-पन्नास माणसं जमा. तो बाजेजवळ गेला, सुभीचा दंड पाह्यला. वाकून पाह्यला. अन् म्हणाला, "हे टोचल्याचं नाही. हा बिबा उतल्याचा डाग आहे. ह्या घराले मी आलो तवा कडी होती. माह्या वहीत शून्य लिहला आहे, पाहा."

भासरा म्हणे, "म्हणजे आमच्या बायाइनं लेकराले बिबा लावला? आपल्या हातानं? अन् दारावर कोण लिहलं बे, तुह्या बापानं?"

मामाजीनं हात वर केला. ते मले म्हणाले, "शेवंता, तू घरी होती. तू सांग बाई, यानं टोचलं का?" मले ते कधी वं म्हणत नव्हते. बाई म्हणत.

मी म्हटलं, "हो मामाजी."

मंग त्याले मारलं. लय नाही मारलं, पण मारलं. टोपी गेली. पेटी फेकली तं आतल्या काचेच्या नळ्या फुटल्या, तो त्या काचा हातानं गोळा करत बसला, अन् लोक म्हणे, याचं औषध नासकं हाय. जाताना त्यानं वर पाह्यलं, माह्याकडंही पाह्यलं. पण मले ओळखलं नाही त्यानं. ओळखन कसा? आमी कधी भेटलोच नव्हतो.

सुभी एकवीस दिवस बाजेवर होती. लिंबाचा पाला, ताकाचं पाणी. मी तिथून हालली नाही. लोक म्हणे, काय काकी आहे! बबन टोचलेला होता म्हून मी बसू शकत होती, हे कोणाले ठाऊक? पपड्या धरल्या तवा डोळे उघडले, अन् ती म्हणाली, "काकी, दिवा लाव ना." दुपार होती.

मंग तीन वर्षं. गिरजाबाईचा जीव मोडला नाही, ती कामाले जातच राहिली. मागच्या पौषात तिले दुसरी पोरगी झाली. गोरीपान, डोळे मोठे मोठे. पोरगी चार महिन्यांची झाली अन् वस्तीत पुन्हा दवंडी आली. नवा टोचणीवाला, चावडीपुढच्या ओट्यावर बसणार. अन् बाईनं अंगणात उभं राहून सगळ्या वस्तीले ऐकू जाईन असं सांगतलं — "माह्या दाराले कोणी हात लावजो नोको. एकीचे डोये टोचून गेले. हिचे मी देत नाही."

वस्ती तिचं ऐकते. ऐकन नाही तं काय? सुभी समोर दिसते ना. आमच्या गल्लीतल्या सात-आठ घरांनी कड्या लावल्या. कौसाबुडी म्हणे, "खरं हाय माय, त्या सुईत काही दम नाही. जेच्या नशिबात हाय त्याले येते." अन् मी तिथंच तांदूळ निवडत बसली होती. त्या पोरीकडं पाह्यलं. तिच्या डोळ्यांकडं.

मले काय सुचलं सांगू? खरं बोलाचं नाही सुचलं. पुन्हा खोटंच सुचलं. मी बाईले म्हटलं, "द्या तिले, उन्हात घेऊन बसते." पोरगी खांद्यावर घेतली अन् ओट्याकडं निघाली. गुपचूप टोचून आणाची, मंग डागाचं काही तरी सांगू — मुंगी चावली, घामोळं आलं. असं डोकं चालून राहिलं माहं. तीन वर्षांनीही तेच. पहिले टोचलं नाही अन् टोचलं म्हटलं, आता टोचाचं अन् नाही टोचलं म्हणाचं. गल्ली अर्धी झाली असन तं मागून आवाज — "शेवंते, थांब वं! टोपडं नाही घातलं तिले, ऊन लागन." बाई टोपडं घेऊन पळत येऊन राहिली. मागं सुभी, भिंतीले हात लावत लावत.

माहे पाय थांबले. मी म्हटलं, "बाई, सुभीले टोचलंच नव्हतं."

मंग सगळं निघालं. कडी, सरकीचा ढीग, शून्य, बिबा, नांदगावचा दवाखाना, बबनचा उजवा दंड. सगळं तिथंच गल्लीत, पोरगी खांद्यावर. मले वाटलं बाई मारन. मारावं असं वाटलं. तिनं पोरगी माह्या खांद्यावरून घेतली, टोपडं घातलं, नाडी बांधली. नीट बांधली, दोनदा. अन् ओट्यापाशी जाऊन त्या माणसापुढं पोरीचा दंड उघडा केला. पोरगी रडली. मंग बाई परत आली अन् मले म्हणाली, "इथी उभी राय. जे बाई घरात कडी लावून बसली हाय तिले हाका मार. अन् हेच सांग. सगळं सांग."

मी हाका मारल्या. एक एक बाई येई, मी सांगे. कौसाबुडी आली, नातवाले घेऊन, ऐकलं, अन् पच्चकन थुंकली. माह्याकडं नाही, बाजूले. लेकरू घेऊन लायनीत उभी राहिली. अकरा बायाइले सांगतलं. प्रत्येक वेळी वाटे आता सोपं जाईन. नाही गेलं. 

मामाजी दुसऱ्या दिवशी त्या जुन्या टोचणीवाल्याचा पत्ता काढाले कचेरीत गेले होते, माफी मागाले. त्याची बदली झाली म्हणे, कुठी ते कोणाले ठाऊक नाही. संध्याकाळी मामाजी माही पाटी आता काढून ठेवत नाहीत.

मघापासून मी तुमाले विचारून राहिली, तुमी काय केलं असतं म्हून. आता नाही विचारत. तुमी काहीही केलं असतं तरी मी जे केलं ते मीच केलं. अन् ते विचारून मी तुमालेही सरकीच्या ढिगाआड माह्याजवळ बसवून राहिली होती. उठा तुमी तिथून.

एकच राह्यलं. त्या दिवशी गल्लीत, शेवटची बाई गेल्यावर, गिरजाबाईनं मले एकच गोष्ट विचारली. सुभी तिच्या लुगड्याले धरून उभी होती, मान वर करून, आवाजाकडं तोंड करून, ती ऐकून राहिली होती. बाई म्हणाली, "तुले तं तवा सगळं कळलं होतं. मंग बबनले नेलं तवा सुभीले काहून नाही नेलं? मी तुले म्हटलं होतं ने म्हून."

मी म्हटलं, "दोन लेकरं सांभाळणं होत नव्हतं, बाई."

अन् बाईनं मान हालवली. "हो," म्हणाली, "एसटीत पळली असती ती." तिनंच मले वाट करून देल्ली अन् मी तिच्यातून निघून आली.

तसं नव्हतं. सुभी गुणाची पोरगी, बस म्हटलं की बसे, दोन्ही लेकरं मी दोन्ही मांड्यांवर घेऊन काशीपावतर गेली असती. पण सुभी तीन वर्षांची होती. दिवसभर बोले. जे पाहे ते मायले सांगे. नांदगावले तिले टोचलं असतं तं घरी आल्याबरोबर तिनं दंड दाखवून सांगतलं असतं, माय, दवाखान्यात मले सुई देल्ली. अन् मंग बाईनं विचारलं असतं, पुन्हा काहून?

बबनले अजून बोलता येत नव्हतं. म्हून मी त्याले नेलं.